सगळं गाव पाचव्या पायरीवर

मी लोकांना प्रश्न विचारते आणि त्याचा मला पगार मिळतो. आमच्या खोलीच्या मालकिणीला हे अजून पटलेलं नाही. तिच्या मते लोकांच्या घरात डोकावणं हे बायकांचं फुकटचं काम, त्याला कुणी पैसे कशाला देईल? तिला मी एकदाच समजावून सांगितलं, "ताई, प्रश्न माझे नसतात, उत्तरंही माझी नसतात. मी फक्त मधली." तर म्हणाली, "मधल्यांकच चड पैसे मेळटात." म्हणजे जास्त पैसे मधल्यालाच.

डिचोलीच्या वाचनालयातल्या बाईंनी दिवाळी अंकासाठी या कामावर लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, माझी शाळा आठवीत सुटली, शुद्धलेखनाचं काय करायचं? त्या म्हणाल्या, "शुद्धलेखन आमी बगतांव. तुमी खरें तें बरयात." बरयात म्हणजे लिहा. तेव्हा यात जे नीट असेल ते त्यांचं समजा.

मी यवतमाळ जिल्ह्यातली, दारव्ह्याकडची. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीचं वर्ष कसंबसं दुसऱ्या गावी जाऊन-येऊन झालं, मग आई आजारी पडली आणि घरातलं सगळं माझ्याकडे आलं. लग्नानंतर इकडे गोव्यात आले, कारण आमचे हे डिचोलीला खाणीवरचे ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या चाळीतली निम्मी बिऱ्हाडं ट्रकांसारखीच निघून गेली. ह्यांना वास्कोला बंदरावर गाडी चालवायचं काम मिळालं. रविवारी येतात. मुलीची शाळा इथे लागलेली, म्हणून मी आणि ती डिचोलीतच राहिलो, आणि मी एका खानावळीत पोळ्या करायला लागले.

तिथे गावस सर जेवायला यायचे. पणजीच्या एका संस्थेच्या पाहणीचं काम ते बघत. पाहणी म्हणजे घरोघर जाऊन लोकांच्या राहणीची, मनाची, कामाधंद्याची माहिती घेणं. त्यांना खेड्यात फिरणारी बाई हवी होती. एक दिवस ताटावरूनच विचारलं, "तुमका वाचूंक येता?"

"येतं सर, पण आठवीपर्यंतच."

"चलूंक येता?"

"चालायला? हो."

"मगे फाल्यां येयात."

फाल्यां, म्हणजे उद्या. एवढीच मुलाखत. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही, आणि पुढे जे झालं त्यात त्यांचा राग मला आला नाही तोही त्यामुळेच.

आता हा धंदा बाहेरच्या माणसाला कळेल असा सांगते. प्रश्न कुठेतरी लांब जन्माला येतो. एखाद्या थंड देशातला प्राध्यापक विचार करत बसतो की माणूस सुखी आहे का, एकटा आहे का, हे मोजावं कसं. तो प्रश्न तयार करतो. तो प्रश्न तिकडे चालला की शेजारच्या देशातले लोक उचलतात, मग समुद्रापलीकडचे. सगळ्या देशांना एकच प्रश्न विचारला तर उत्तरं शेजारी-शेजारी ठेवता येतात, हा त्यामागचा विचार. असा फिरत फिरत तो पणजीला इंग्रजीत येतो, तिथे त्याचं मराठी आणि कोंकणी होतं, आणि शेवटी माझ्या पिशवीत बसून सरकारी बसने डिचोलीच्या नाहीतर पेडण्याच्या एखाद्या वाड्यावर पोचतो. एवढा प्रवास झालेला पाहुणा पायरीवर उभा राहिला की कधीकधी त्याला कुणी ओळखतच नाही.

एक प्रश्न होता, "गेल्या आठवड्यात तुम्ही किती वेळा एकट्याने जेवलात?" ज्या देशात म्हातारी माणसं एकेकटी राहतात तिथे तो शहाणा प्रश्न आहे. डिचोलीजवळच्या एका गावात एका सुनेला मी तो विचारला. ती म्हणाली, "सगळ्यांका वाडून झालें की मागीर जेवतां. एकलीच."

"म्हणजे रोज?"

"रोज. पण एकली कशी गो? सगळीं घरातच आसतात मगे."

मी काय लिहू? तिने सांगितलं तेच लिहिलं, रोज. तिकडच्या हिशेबात ती बाई दुनियेतली सगळ्यात एकटी ठरली असणार. कधी वाटतं तो हिशेब चुकला, कधी वाटतं नाही चुकला.

दुसरा प्रश्न, "तुम्ही एखाद्या क्लबचे सभासद आहात का?" पेडण्याच्या एका आजोबांनी हातातली सुपारी खाली ठेवली. "क्लब म्हणजे ती बोटीवयली जुगाराची?" मी म्हटलं, नाही हो, म्हणजे मंडळ, लोक एकत्र येतात तसं. "तशें सांग मगे! भजनी मंडळ चलता?" मी रात्रभर काळजीत. दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं, भजनी मंडळ चालतं का? सर म्हणाले, चालतं. मला इतकं बरं वाटलं, जणू माझीच परीक्षा होती.

माझा स्वभावच तसा. शिकलेली नाही, त्यामुळे नियम मोडण्याची हिंमत नाही. प्रशिक्षणात सांगितलं होतं, प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा, समोरच्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही, तो सांगेल ते टॅबवर नोंदवायचं. मी ते देवाच्या आरतीसारखं पाठ केलं.

आणि त्याच स्वभावानं मला शिडीवरून खाली आणायची वेळ आणली.

ही शिडी म्हणजे एक चित्र. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या. समोरच्याला चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, "समजा, सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुम्हाला मिळू शकेल असं सगळ्यात चांगलं आयुष्य, आणि सगळ्यात खालची म्हणजे सगळ्यात वाईट. आज तुम्ही कुठल्या पायरीवर उभे आहात?" जगातल्या कितीतरी देशांत हा प्रश्न विचारतात, असं सरांनी सांगितलं. मला अभिमानच वाटला. मी जे पान पेडण्यात दाखवतेय तेच पान कुठेतरी बर्फात उभी राहून एखादी बाई दाखवत असेल.

पेडण्याची आणि डिचोलीची खेडी माझ्या वाट्याला आली होती. बाकीची मुलंमुली म्हापसा, पणजी आणि किनाऱ्याकडे. माझ्या खेड्यांत शिडीचं चित्र बघून लोक खूश व्हायचे. एक नारळ पाडणारा माडावरून नुकताच उतरला होता, कमरेचा कोयता न सोडताच चित्राकडे बघत बसला.

"दहाव्या पायरीर माणूस रावता काय गो?" तो म्हणाला. "नारळ काडले की खाली उतरता."

"तसं नाही दादा. तुमचं आयुष्य कुठल्या पायरीवर आहे?"

"बरें आसा."

"म्हणजे पायरी कितवी?"

त्याने बोट मधोमध टेकवलं. पाच.

शेजारच्या घरी पाच. त्याच्या शेजारी पाच. काजूच्या बागा असलेल्यांकडे पाच, त्यांच्या बागेत कामाला जाणाऱ्यांकडे पाच. निवृत्त मास्तर चष्मा लावून बराच वेळ विचार करून म्हणाले, "पाच लिहा." कुणी चार म्हणायचं, कुणी एखादं सहा, तेही आवाज खाली आणून. मी नोंदवत गेले, आणि संध्याकाळी रेंज आली की टॅबवरून सगळं पाठवत गेले. पणजीला, आणि तिथून पुढे तिकडच्या विद्यापीठात.

तिकडे एक संगणक बसलेला असतो. तो उत्तरं वाचत नाही, उत्तरांची तोंडं बघतो. सगळ्यांची तोंडं सारखी दिसली की ओरडतो. कारण आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा गुन्हा हाच, घरोघर न जाता घरी बसून फॉर्म भरणं. आणि घरी बसून भरणारा आळशी माणूस काय करतो? सगळीकडे मधला आकडा टाकतो.

गावस सरांनी मला डिचोलीच्या बसस्टँडवर गाठलं. मोबाईल पुढे धरला. "हें वाचात."

"इंग्रजी आहे सर."

त्यांनी वाचून दाखवलं. पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली उत्तरं संशयास्पद आहेत, एकाच व्यक्तीने एका जागी बसून भरल्यासारखी वाटतात, चौकशी व्हावी, तोपर्यंत त्या व्यक्तीचं काम थांबवावं. माझं नाव नव्हतं, फक्त क्रमांक होता. पण तो क्रमांक माझाच होता.

"सगळ्यांनी पाचच सांगलें?"

"काहींनी चार सांगितलं. दोघा-तिघांनी सहा."

"आणि तुमका कांयच वाटलें ना?"

"नाही सर. बरोबरच वाटलं."

"बरोबर?"

"माझी आईसुद्धा पाचच म्हणाली असती."

त्यांनी मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, "टॅब दियात." मी पिशवीतून काढून दिला. त्याला मी माझ्या जुन्या साडीच्या काठाचं कव्हर शिवलं होतं. ते काढून ठेवावं की नाही हेही मला सुचलं नाही. ते कव्हरासकट घेऊन गेले.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. पोळ्यांचं काम मी सोडलेलं, तिथे दुसरी बाई लागलेली. पण पैशापेक्षा मला दुसरंच खात होतं. शिकलेल्या माणसाने खोटेपणा केला तर लोक म्हणतात, मोहात पडला. आठवी शिकलेल्या परगावच्या बाईने केला तर म्हणतात, दुसरं काय होणार. आणि मी केलाच नव्हता! पण दाखवू काय? फोटो काढायला आम्हाला बंदी. लोकांनी दिलेली उत्तरं बाहेर कुणाला सांगायलाही बंदी. गावात जाऊन "मी आले होते असं सांगा हो" म्हणावं तर तेही नियमात बसत नव्हतं. म्हणजे मी घरी बसून फॉर्म भरले नाहीत हे सिद्ध करायला मला आता घरी बसणंच भाग होतं.

ह्यांना फोनवर सांगितलं. बंदरावरच्या आवाजातून त्यांनी विचारलं, "तू बसून तर नाही ना भरलेस?"

"तुम्हीपण?"

"अगं, विचारलं फक्त."

"विचारूच कसं शकता?"

मग म्हणाले, "बरं, चुकलं. घाबरू नको. नाहीच जमलं तर दारव्ह्याला जाऊ." त्यांनी धीर द्यायला म्हटलं, पण दारव्ह्याला काय म्हणून जाणार होते मी? गोव्याला गेली आणि खोटं काम करून आली म्हणून?

त्याच दिवशी आईचाही फोन. "कशी हायेस वं बाई?"

"बरी हाय. चाललंय."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मी आत्ता आईलासुद्धा पाच सांगितलं.

मग गावस सरांचा निरोप आला. तिकडच्या विद्यापीठातून एक बाई तपासायला येणार आहेत. मी घरं दाखवायची, पण गाडीतून उतरायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. त्या स्वतः लोकांना पुन्हा प्रश्न विचारणार. मी मनात एक गोरी, कडक, टाचांचे बूट घातलेली बाई तयार केली आणि तिला घाबरत बसले.

आल्या त्या अल्माझबाई. इथिओपियाच्या. आफ्रिकेतला देश, हे मला सरांनीच गाडीत सांगितलं. बारीक बारीक वेण्या घातलेल्या, खांद्यावर पांढरी पातळ शाल. शिकायला त्या थंड देशात गेल्या आणि तिथेच प्राध्यापक झाल्या. म्हणजे माझ्यासारख्याच, घरापासून लांब. पण हा विचार मला तेव्हा आला नाही. तेव्हा मी नुसती गाडीच्या मागच्या सीटवर पिशवी छातीशी धरून बसले होते.

पेडण्यापासून आत एका वाड्यावर सुलभाबायचं घर. साठीची बाई. मुलगा बोटीवर नोकरीला, घराला नवा स्लॅब, जनेलांना, म्हणजे खिडक्यांना, नवा रंग, पडवीत झोपाळा, सुनेच्या कडेवर नात. नवीन बांधकामाला कुणाची दिष्ट लागू नये म्हणून स्लॅबच्या कोपऱ्याला काळं तोंड रंगवलेलं भोपळ्याचं सोंग टांगलेलं. मी या घरीही पाच नोंदवून गेले होते. आता बाहेरच्या माणसाने हे घर बघितलं तर तो पाच कसा मानणार?

गावस सर आणि अल्माझबाई पडवीवर चढले. सुलभाबायने दोघांना कदेलं दिली. खुर्च्यांना इथे जुनी माणसं कदेलं म्हणतात. मग तिची नजर गाडीकडे गेली.

"अगे, ती आमची चेडू मगे! गाडीत कित्याक बसल्या? उन्हात?" चेडू म्हणजे पोरगी, म्हणजे मी.

सर म्हणाले, "रांवदी तिका. काम चललां."

"काम चलतलें मगे. तिका भायर बसोवन आमी हांगा चा पियेवपाचो? तुमच्या पणजेक तशी चाल आसा आसतली." आणि मला हाक, "येगो बाय! त्या दिसा चाय न घेता गेल्लें तें सोडचें ना हांव आज!"

सर कपाळाला हात लावून बसले. अल्माझबाईंनी काय झालं विचारलं. सरांनी सांगितलं असावं, कारण त्या हसल्या आणि मला हाताने या म्हणून खूण केली. मी पायरीवर जाऊन बसले. तोंडातून शब्द काढला नाही. पण सुलभाबायने मला ओळखलं होतं. मी त्या घरी गेले होते, एवढं तरी सिद्ध झालं. माझा अर्धा श्वास सुटला. उरलेला अर्धा शिडीपाशी अडकलेला.

अल्माझबाईंनी चित्र काढलं. सरांनी प्रश्न वाचला. सुलभाबायने परत बोट मधोमध टेकवलं. "सांगलेलें मगे हिका. पाच."

अल्माझबाईंनी नव्या स्लॅबकडे बघितलं, झोपाळ्याकडे बघितलं. मला वाटलं, गेलं. तेवढ्यात सुनेने नातीला खाली सोडलं आणि ती रांगत त्यांच्या पायाशी आली. गालावर ही एवढी काजळाची तीट, तळपायाला पण काळा ठिपका. अल्माझबाईंनी तिला उचललं नाही, गोड आहे म्हटलं नाही. तोंड जरा वाकडं करून सरांना काहीतरी म्हणाल्या. सर गोंधळले. "कितें सांगूं? बाई म्हणतात, पोर काय खास नाही, किडकिडीत आहे."

सून रागावेल असं मला वाटलं. पण सुलभाबायचा चेहरा उजळला. "बरी शाणी बायल मगे ही! खंयची म्हणालात?"

मग अल्माझबाई बोलत राहिल्या आणि सर सांगत राहिले. त्यांच्या आजीकडे कुणी पाहुणा आला की आजी म्हणायची, ही आमची पोर बारकी, रोगट, हिच्यात बघण्यासारखं काय आहे. चांगलं तोंडाने बोललं की कुणाची तरी नजर ऐकते. त्या शिकायला परदेशी गेल्या, हा शिडीचा प्रश्न पहिल्यांदा वर्गात ऐकला, तेव्हा मनात म्हणाल्या होत्या, माझी आजी दहाव्या पायरीचं नाव मेली तरी घेणार नाही. पण वर्गात बोलायला भीती वाटली होती.

भीती वाटली होती, हे सरांनी सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा मान वर करून त्या बाईकडे बघितलं.

तोवर आंबोळ्या आल्या. अल्माझबाईंनी एक हातात धरून उन्हात बघितली, भोकं बघितली, आंबट वास घेतला आणि खळखळून हसल्या. म्हणाल्या, आमच्याकडे हीच रोज खातात, फक्त ताटाएवढी मोठी, त्याच्यावरच कालवण वाढतात. सुलभाबाय सुनेला म्हणाली, "बगलें? आंबोळी थंय पावल्या आणि तुका हांगा जमना." सून म्हणाली, "तांची ताटाएवढी मगे, माझी जळटा तव्यारच."

खाता खाता अल्माझबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं. ही पलीकडची बाई, कुंपणाच्या आडची, ती कुठल्या पायरीवर असेल? सरांनी प्रश्न केला. सुलभाबायने आवाज खाली केला, म्हणजे तिच्या हिशेबाने.

"शांती? तिका कितें उणें? दोगूय पूत सरकारी नोकरेक, म्हस दूद दिता. ती नवव्या पायरीर. दहाव्याक म्हणा."

कुंपणापलीकडे कपडे वाळत घालणारा हात थांबला. "कोण गो दहाव्या पायरीर?"

"कोण ना गो! पाव्हणे विचारतात."

शांतीबाय पिळलेली चादर खांद्यावर टाकून कुंपणाशी आली. "माका चडयता तू? आणि तू खंय? पूत डॉलरांनी पगार घेता, घराक टाइल्स, आणि स्वताक पाच सांगता? हिका दहा बरयात हो तुमी! अकरावी पायरी आसा जाल्यार अकरा!"

"तुजी म्हस!"

"तुजो पूत!"

"म्हस आसा म्हणून कितें मी दहावी?"

अल्माझबाईंना भाषा कळत नव्हती, पण त्या खुर्चीत पुढे सरकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. सरांनी भाषांतर सोडूनच दिलं होतं. मग सुलभाबाय आणि शांतीबाय दोघी एकदम थांबल्या, एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनी एकदम सांगितलं, "पाच बरयात. दोगांकय पाच."

त्या दिवशी आणखी काही घरं झाली. स्वतःला पाच, शेजाऱ्याला आठ. स्वतःला चार, भावाला नऊ. निवृत्त मास्तरांनी शेजाऱ्यासाठीही बराच विचार करून पाचच दिलं, पण ते मास्तर होते.

पुढे काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. अल्माझबाईंनी तिकडे जाऊन लिहिलं की शिडीच्या प्रश्नाला जोडून एक प्रश्न विचारून बघावा, तुमच्या शेजारचं घर कुठल्या पायरीवर आहे? आता आणखी दोन-तीन देशांत तो विचारून बघतायत, असं सर म्हणतात. पेडण्याच्या कुंपणावरून निघालेला प्रश्न. सुलभाबायला मी हे सांगितलेलं नाही, सांगितलं तर ती म्हणेल, त्यात माझं काय. त्याच्या बदल्यात अल्माझबाईंच्या देशातून एक प्रश्न आमच्याकडे आला. तिकडे शेजारणी एकमेकींच्या घरी बसून कॉफी पितात, त्यावरून माणसाला किती आपली माणसं आहेत ते कळतं म्हणे. "गेल्या आठवड्यात तुम्ही कुणाच्या घरी बसून कॉफी घेतली?" डिचोलीत पहिल्याच घरी मी विचारलं, तर बाई घाबरली. "कॉफी? कोण दुयेंत आसा?" दुयेंत म्हणजे आजारी. तिच्या घरी कॉफी तापातच देतात. मी तसं लिहून पाठवलं, आता तिथे चहा छापून येतो.

पण हे सगळं पुढचं. तपासणीच्या दिवशी मला कुणी काहीच सांगितलं नाही. अल्माझबाईंनी निघताना माझा हात दोन्ही हातांत धरला, काहीतरी बोलल्या, सर गाडी वळवत होते म्हणून भाषांतर झालं नाही. तो हात चांगल्यासाठी होता की निरोपाचा, हे मला ठरवता येईना. सर म्हणाले, "वयल्यांकडसून कळटलें." वरच्यांकडून कळेल. वरचे म्हणजे कितवी पायरी, देव जाणे.

मी वाट बघत राहिले. फोन वाजला की दचकून उचलायचे, तर मोबाईल कंपनीचा निघायचा. मुलगी म्हणाली, "आई, तू फोनला घाबरतेस की फोन तुला?" ह्यांनी रविवारी येऊन बाजारातून माझ्या आवडीची मासळी आणली. मी साफ करत बसले आणि विसरलेच की ती शिजवायची आहे.

त्याच संध्याकाळी, हे वास्कोला परतल्यावर, दारात स्कूटर थांबली. गावस सर. हेल्मेट काढलं नाही. पिशवीतून टॅब काढला, माझ्या साडीच्या काठाच्या कव्हरासकट, आणि माझ्या हातात दिला.

"फाल्यां तेरेखोल."

"सर, म्हणजे…"

"म्हणजे केरीच्यान फेरीबोट. सकाळची चुकूंक जायना."

"सर, तिकडून काय आलं?"

त्यांनी हेल्मेटची काच वर केली. "आयलां, उत्तरां खरीं. काम चालू दवरचें." मग स्कूटर सुरू करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी आवयसुद्धा पाचच म्हणतली आसली." आणि गेले.

मी दार लावलं, दाराला पाठ टेकली आणि खाली बसले. मुलगी धावत आली. म्हटलं, काही नाही गं, मासळी शिजवते. त्या रात्री मी इतकी गाढ झोपले की सकाळी तिनेच मला उठवलं.

केरीला पोचले तेव्हा फेरीबोट लागतच होती. तेरेखोलची नदी शांत, पलीकडे टेकडीवर किल्ला. बोटीवर दोन मोटारसायकली, शाळेला निघालेल्या एक बाई, आणि सायकलच्या मागे पावाची टोपली बांधलेला पोदेर, म्हणजे पाववाला. बोट सुटली. मी कठड्याला धरून उभी राहिले, टॅब पोटाशी. वाऱ्याने असेल नाहीतर कशाने, डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि थांबेचना. पुसलं की पुन्हा.

पोदेर सायकल तशीच धरून जवळ आला. "बाय, खंय वयता गो?" कुठे चाललीस, एवढंच विचारलं.

इतकी वर्षं इथे राहून मी लोकांची उत्तरं ऐकली, लिहिली, पण त्यांच्या बोलीत स्वतः उत्तर द्यायला कायम लाजले. त्या दिवशी ते आपोआप तोंडातून आलं.

"कामाक वयतां."

"मगे रडटा कित्याक?"

"कामाक वयतां म्हणून."